बत्तीसचे बेचाळीस

आमच्या ह्यांना स्वस्त वस्तू घ्यायचा नाद आहे असं लोक म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. स्वस्त वस्तू घ्यायची आणि मग ती महागड्या वस्तूच्या तोडीस तोड कशी आहे हे जगाला दाखवत बसायचं, हा खरा नाद. नुसते चिक्कू असते तर मी कधीच सुधारलं असतं. चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. काटा केसभर इकडेतिकडे झुकला तरी ह्यांना घास गोड लागत नाही. खालच्या मजल्यावर दुकान, वरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं. मीही काही कुणाला कमी नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढली आहेत, चंचुपात्रं घासली आहेत, तापमापकं सांभाळली आहेत आणि पोरांनी लावलेली आग दोनदा एकटीने विझवली आहे.

सहा वर्षांपूर्वी ह्यांनी कॉम्प्युटर घेतला. घेण्याआधी दोन महिने वहीत तक्ते आखले. आतला प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, किमतीच्या यादीत खालून दुसरा. अगदी खालचाच का नाही घेतला असं मी विचारलं, तर म्हणाले, तिथे काटकसर संपते आणि चिक्कूपणा सुरू होतो. मग महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला धरधरून तो दाखवायचे. काटा दुरुस्तीला घेऊन आलेला माणूस वर येऊन, कॉम्प्युटर बघून, चहा पिऊन जायचा आणि काटा खाली तसाच पडलेला असायचा.

त्याच महिन्यात माझ्या भावाने नवीन घर घेतलं म्हणून सगळ्यांना जेवायला बोलावलं. तिथे हे आणि ह्यांचे साडू समोरासमोर बसले. साडू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्यांचं फरश्यांचं मोठं दुकान आहे, म्हणून आमच्या घरात त्यांचा उल्लेख फरशीवाले असाच होतो. माणूस वाईट नाही, पण घेतील ती वस्तू सगळ्यात महागडी आणि बोलतील ते वाक्य सगळ्यात मोठ्या आवाजात. ह्यांनी प्रोसेसरचं कौतुक सुरू केलं. फरशीवाल्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, की शाळकरी पोरांना टायपिंग शिकायला देतात तोच ना हा? सगळे हसले. माझा सख्खा भाऊही हसला, आणि ते मी अजून विसरलेले नाही.

ह्यांचा राग नाकावर नसतो, कानांच्या पाळ्यांत असतो. त्या लाल झाल्या. हे म्हणाले, काही लोकांना यंत्र महागाचंच घ्यावं लागतं, कारण डोकं बाजारात मिळत नाही. मग काय, शब्दाने शब्द वाढला आणि वाढत वाढत पैजेवर जाऊन थांबला. दोघांनी आपापल्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचा एकच प्रोग्राम टाकायचा. रोज एक चाल, दुपारी एक वाजता, मेसेजने. चाल यंत्राने सांगायची, माणसाने फक्त कळवायची. स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही, हा मुख्य नियम. हा नियम दोघांच्याही सोयीचा आहे, असं मी धाकटीच्या कानात म्हटलं. ज्याचं यंत्र हरेल त्याने दुसऱ्याच्या दारात जायचं, तुमचं यंत्र श्रेष्ठ असं तोंडाने कबूल करायचं आणि आठ दिवस पाहुणा म्हणून राहायचं. तोपर्यंत कुणी कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही.

इथपर्यंतचा मूर्खपणा पुरुषांचा. पुढचा माझा. मी ताटावरून उठले आणि म्हणाले, की माझ्या नवऱ्याला हसणाऱ्यांच्या घरी हे जातील तेव्हाच मी जाईन, एकटी पाऊल टाकणार नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. धाकटी माझ्याकडे बघतच राहिली. बोललेला शब्द मागे घेणं आमच्या माहेरात कुणालाच जमत नाही, आणि मी तर थोरली.

मला वाटलं होतं, तीन-चार महिन्यांत कुणीतरी हरेल आणि विषय मिटेल. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसराही. तिसराही. आमच्या चौकात एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई आहे, तोंडाने फटकळ पण हाताला गुण आहे. तिला मी विचारलं, तर ती म्हणाली, दोन्हीकडे प्रोग्राम तोच, तो चुकतच नाही, मग हरणार कोण? साडूंचं यंत्र जरा खोलवर बघतं, तुमचं जरा कमी, पण तेवढ्याने डाव जात नाही. बरोबरी झाली की दुसऱ्या दिवशी नवा डाव. ना कुणी यायचं, ना कुणी जायचं. सहा वर्षांत सतरा डाव झाले, सतराच्या सतरा बरोबरीत. दर गुरुवारी दुपारी मी आणि धाकटी फोनवर बोलायचो. तिचे केस पांढरे झाले ते मला फोटोवरून कळलं.

सतरावा डाव अजून रेंगाळत होता तेव्हाच ह्यांना साक्षात्कार झाला. इंटरनेटवर वाचत बसले होते, तिथून एकदम उठून स्वयंपाकघरात आले आणि खुर्चीवर बसले. मला वाटलं, कुणी गेलं की काय. तसं काही नव्हतं. ह्यांच्या त्या खालून दुसऱ्या प्रोसेसरचा वेग वाढवता येतो, असं कळलं होतं. एरवी कंपनी स्वस्त मालाच्या वेगाला कुलूप घालते, पण ह्या एका जातीच्या प्रोसेसरला घातलेलंच नाही. सहा वर्षं दार उघडं होतं आणि हे बाहेर बसून होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी म्हटलं. हे म्हणाले, अगं, कळसा नाही, पूर्ण देऊळ होतं.

झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बाहेरच्या खोलीची प्रयोगशाळा झाली. कॉम्प्युटर चालू होता होता एक कळ दाबली की एक निळी पाटी येते, तिथे वेगाचा आकडा असतो. ह्यांचा होता बत्तीस. तो चाळीसच्या पुढे न्यायचा होता. दुसरा कुणी असता तर थेट बेचाळीस टाकून मोकळा झाला असता, पण हे पडले वजनकाटेवाले. आज तेहेतीस. मग चार तास एक प्रोग्राम चालवायचा, जो प्रोसेसरला अवघड गणितं घालून घालून घाम काढतो. टिकला तर उद्या चौतीस. त्या चार तासांत खोलीत मोठ्याने बोलायचं नाही. प्रोसेसरला ऐकू येतं का, असं मी विचारलं. हे म्हणाले, त्याला नाही, मला येतं.

छत्तीसला कॉम्प्युटरचा डबा इतका तापला की मी त्याच्यावर ओले रुमाल वाळवायला सुरुवात केली. मग कॉम्प्युटरवाल्या बाईकडून मोठा पंखा आणि धातूची जाळी आणली गेली. प्रोसेसर आणि जाळीच्या मध्ये एक राखाडी मलम लावतात, म्हणजे उष्णता नीट बाहेर पडते. वाटाण्याएवढं लावा, असं तिने बजावून सांगितलं होतं. ह्यांनी अख्खी ट्यूब रिकामी केली. एरवी टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी चिरून वापरणारा माणूस. दुसऱ्या दिवशी बाई घरी आली, चिमटीत कापूस धरून सगळं पुसत बसली, आणि पुसता पुसता मला समजावून सांगत होती, की प्रोसेसर फार तापला की जीव वाचवायला आपणहून हळू होतो, आणखी तापला तर सरळ बंद पडतो. मी म्हटलं, माणसापेक्षा शहाणा आहे. तिने ह्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मान डोलावली.

एवढ्यावर भागलं नाही. प्रोसेसरचं लक्ष दुसरीकडे जाऊ नये म्हणून कॉम्प्युटरमधलं बाकी सगळं काढून टाकलं. माझे विणकामाचे नमुने गेले, पडद्यावरचा फुलांचा फोटो गेला, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा गेलं. एक्केचाळीसला यंत्र कोलमडलं. पडदा निळा झाला आणि हे दिवसभर जेवले नाहीत. मग विजेचा दाब केसभर वाढवला, आणखी केसभर वाढवला, आणि एका बुधवारी सकाळी बेचाळीस टिकला. चार तास टिकला. ह्यांनी खाली जाऊन दुकानातला सगळ्यात जुना काटा पुसून ठेवला. फार आनंद झाला की हे तेच करतात.

अठरावा डाव बेचाळीसवर सुरू झाला. प्रोग्राम एक आकडा दाखवतो, आपली बाजू किती वरचढ आहे त्याचा. सतरा डावांत तो शून्याच्या आसपास रेंगाळायचा. आता रोज जेवताना हे जाहीर करायला लागले, अधिक शून्य पूर्णांक तीन. अधिक शून्य पूर्णांक पाच. महिन्याभरात अधिक एकच्या वर गेला. मला त्यातलं कळत नाही, पण ह्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी हरणार होतं, आणि ते आम्ही नव्हतो.

त्या गुरुवारी धाकटीचा फोन आला. तिचे दोन्ही गुडघे गेलेत हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, महिनाभराने, सोमवारी. ती हसतखेळत सांगत होती, की आता लोखंडाचे पाय मिळणार, मग बघ कशी धावते. मी पण हसले. मग म्हणाली, "ताई, मला भीती वाटतेय." एवढंच. ये म्हणाली नाही. माझ्या शब्दाची तिला सहा वर्षं सवय होती.

फोन ठेवला आणि मी तशीच उभी राहिले. धाकटी तीन वर्षांची असताना तिच्या कानात मणी गेला होता. डॉक्टर तो काढेपर्यंत तिने माझा अंगठा सोडला नव्हता. आता ती एकसष्ट वर्षांची होती, आणि मी इथे एका पैजेवर बसले होते.

मी हिशेब केला. हे जिंकले तर फरशीवाले आमच्या दारात येतील, तेही एकटे, कारण धाकटीला जिना चढवत नाही. त्यांना घेऊन मी काय करू? बरोबरी झाली तर सगळं जसंच्या तसं. मला तिच्याकडे जायचं असेल तर एकच वाट होती. हे हरायला हवे होते, आणि महिन्याच्या आत. ह्यांना सरळ सांगावं असं मनात आलं नाही असं नाही. तीनदा तोंड उघडलं. पण सांगायचं म्हणजे माझा शब्द मी गिळला असं म्हणायचं, आणि ज्या माणसाने दोन महिने खपून बत्तीसचे बेचाळीस केले त्याला म्हणायचं, की आता हरा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ आमच्या घरात दोघांतही आहे. मी कपाट उघडलं आणि चादर काढली.

चाल ठरवायला ह्यांचं यंत्र रोज दहा ते एक विचार करायचं. अकरा वाजता हे दुकानात उतरायचे, साडेबाराला वर यायचे. म्हणजे माझ्या हातात दीड तास. यंत्राला हात लावायचा नव्हता. त्या बुद्धिबळाच्या खिडकीला तर मी बोटसुद्धा लावलं नाही, चुकून घोडा हलला असता तर? पडद्याच्या कोपऱ्यात तापमान आणि वेग दिसायचा, मला तेवढं पुरे होतं.

पहिल्या दिवशी डब्यावर आंघोळीचा टॉवेल टाकला. दोन अंश वाढले. त्या नवीन पंख्याने टॉवेलला जुमानलंच नाही. दुसऱ्या दिवशी लोकरीचं ब्लँकेट चौपदरी करून टाकलं, तर वीस मिनिटांत यंत्र बंदच पडलं. मी ब्लँकेट कपाटात कोंबलं. हे वर आले तेव्हा मी वीज गेली होती असं सांगितलं. हे म्हणाले, खाली नव्हती गेली. मी म्हटलं, वरची गेली होती. हे यंत्र पुन्हा चालू करायला बसले. तिसऱ्या दिवशी सुती चादर दुपदरी, मागची बाजू चार बोटं उघडी. तापमान पंचाण्णव, आणि वेग बेचाळीसवरून घसरत घसरत तेवीसवर. तिथे स्थिर. सव्वीस वर्षं पोरांना प्रयोग मांडून दिले, पण इतका सुबक प्रयोग माझ्या हातून झाला नव्हता. बाराच्या पुढे वीस मिनिटं झाली की चादर काढायची, घडी करायची, कपाटात ठेवायची. साडेबाराला हे यायचे तेव्हा यंत्र थंड होऊन शहाण्यासारखं बसलेलं असायचं.

असे दोन आठवडे गेले. हे एक-एक आकडा चढवून वेग वाढवत होते तेव्हा मी त्यांना हसत होते. आता मी एक-एक पदर टाकून तो उतरवत होते. कुणी कुणाला हसावं? आणि मला वाईट वाटत होतं, ते सांगायलाच हवं. चादर टाकताना रोज वाटायचं. तो पंखा आतून धापा टाकायचा आणि मला ऐकू यायचा.

मग हळूहळू जेवताना आकडा जाहीर होणं बंद झालं. आधी मला वाटलं विसरले. पण दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी मुद्दाम विचारलं, काय म्हणतोय तुमचा अधिक? हे म्हणाले, चाललंय. ह्यांच्या तोंडून "चाललंय" एवढंच आलं म्हणजे चाललेलं नाही, हे मला बत्तीस वर्षांच्या संसारातून कळतं. माझी चादर कामाला आली होती. मी त्या दिवशी ह्यांना ताटात जरा जास्तच वाढलं.

ऑपरेशनच्या आधीच्या मंगळवारी, एक वाजता, हे फोन घेऊन बसले. चाल टाइप करायला ह्यांना अर्धं मिनिट लागतं. त्या दिवशी दहा मिनिटं लागली. मग चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, की डाव सोडला. शनिवारी निघू, आठ दिवसांचे कपडे भर. मी अरेरे म्हटलं. बरं जमलं असावं. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि त्या आवाजात पोटभर हसून घेतलं. मग बॅग काढली.

शनिवारी दुपारी त्यांच्या दारात पोचलो. फरशीवाल्यांनीच दार उघडलं. सहा वर्षांत माणूस वाळला होता. मला वाटलं, आता मोठ्या आवाजात काहीतरी येणार. हे बॅग खाली न ठेवताच पाठ केल्यासारखे म्हणाले, की तुमचं यंत्र श्रेष्ठ. फरशीवाले हसले नाहीत. त्यांनी ह्यांच्या हातातली बॅग घेतली, "आत या, साडूभाऊ," म्हणाले, आणि आवाज इतका लहान होता की मी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं.

धाकटी आतल्या खोलीत पाय लांब करून बसली होती. मी तिच्याजवळ गेले. तिने माझा हात घेतला, आणि मग आम्ही दोघी जे रडलो ते रडलो. ते सविस्तर सांगण्यासारखं नाही. हे तिच्या पायाशी स्टुलावर बसले आणि गुडघ्याच्या आत नेमकं काय बसवतात, कशाचं बसवतात, किती वजन पेलतं, असं विचारत राहिले. ती डोळे पुसत पुसत उत्तरं देत होती.

चहा करायला मी स्वयंपाकघरात गेले, तर फरशीवाले माझ्या मागे आले. त्यांनी कपाटातून कप काढले, ते पुन्हा आत ठेवले, पुन्हा काढले. मग म्हणाले, "ताई, तुम्हाला ठाऊक आहे का, मी हरलो होतो."

मला वाटलं, ते थट्टा करताहेत. त्यांनी मला हाताला धरून कॉम्प्युटरसमोर नेलं. पडद्यावर तो डाव तसाच ठेवलेला होता. बाजूला आकडा होता, उणे सहा. उणे सहा म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं. म्हणजे सगळं संपलं. आठ दिवसांपासून त्यांचं महागडं यंत्र त्यांना सांगत होतं की तुम्ही गेलात. ते रोज डाव सोडायचा मेसेज लिहायचे आणि पुसायचे. बायकोचं ऑपरेशन तोंडावर, अशात तिला टाकून आठ दिवस कुठे जाणार? आणि डाव न सोडावा तर ऐन ऑपरेशनच्या दिवसांत मात होणार होती. मग मंगळवारी एक वाजता साडूंचाच मेसेज आला.

"नियम होता, स्वतःचं डोकं चालवायचं नाही," ते म्हणाले. "सहा वर्षांत तुमच्या ह्यांनी स्वतःच्या डोक्याने खेळलेली ही एकच चाल."

चहा उतू गेला. तो त्यांनीच पुसला. मी ह्यांना शोधत गेले. हे मागच्या गॅलरीत उभे होते, प्रवासात मळलेला रुमाल धुऊन दोरीवर टाकत होते. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, की कधी कळलं.

ह्यांनी रुमालाची चारही टोकं सरळ केली आणि मग सांगितलं. तापमान दाखवणारा तो प्रोग्राम दिवसभराची रेषही जपून ठेवतो. ती ह्यांनी सहज उघडून बघितली, तर रोज अकरा ते बारा-वीस तिथे एक डोंगर. आधी वाटलं, पंखा बिघडला. कागदावर रेषा उतरवून ते चौकातल्या बाईकडे घेऊन गेले. तिने बघितलं आणि म्हणाली, यंत्राला खरं दुखणं असतं तर ते रविवारीही दुखलं असतं. रविवारी दुकान बंद असतं, हे घरी असतात. दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला ते चष्मा विसरल्याचं निमित्त करून जिना चढून आले. मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी दारातूनच चादर बघितली, आणि पावलं न वाजवता परत खाली गेले.

"राग नाही आला?"

"आला. दोन दिवस होता." ह्यांनी रुमालाला चिमटा लावला. "मग म्हटलं, ही बाई कुणाच्या यंत्राचं उगाच वाईट करणार नाही. मागची बाजूसुद्धा चार बोटं उघडी ठेवली होतीस. मग ऑपरेशनची तारीख आठवली."

एवढं करूनही बेचाळीसचा जो जोर आधीच साठला होता तो माझ्या चादरीला आवरला नव्हता. आकडा वाढतच गेला होता. हे फक्त मला सांगत नव्हते, कारण मला वाईट वाटेल.

"तोंडाने का नाही सांगितलंस?" ह्यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर आला असतात?"

ह्यांनी उत्तर द्यायची घाई केली नाही. काटा स्थिर होईपर्यंत थांबायची सवय आहे त्यांना.

"नाही," ते म्हणाले. "तेव्हा नसतो आलो."

मी काहीतरी टोमणा शोधत होते, एरवी मला तो शोधावा लागत नाही. मिळेना. मला ह्या माणसाबद्दल इतकं काही वाटत होतं की त्याचा मलाच राग आला, आणि डोळे तर दुपारपासून वाहतच होते. शेवटी मी विचारलं, जिंकलेला डाव सोडताना वाईट नाही का वाटलं?

"वाटलं ना," हे म्हणाले. "अजून वाटतंय."